अहो, टुम्पाचा फॉर्म परत आला

अहो,

मायना काय लिहावा इथेच माझं अडलं. 'प्रिय' असं तुम्हाला कधी म्हटलं नाही, आणि नाव घेतलं ते उखाण्यात, तेही तुमच्या आईंनी डोळे वटारल्यावर. तेव्हा 'अहो'च बरं. अठ्ठेचाळीस वर्षं या एका शब्दावर संसार झाला, एका पत्राचं काय घेऊन बसलात!

आज बुधवार. तुमची आठवण आली म्हणून लिहायला बसलेय असं समजू नका. आठवण रोज येते, तिला कागद लागत नाही. आज मी संतापले आहे. टुम्पाचा फॉर्म परत आला. तुम्ही भरलेला, तुमच्या हातचा शेवटचा. त्यात तुम्ही तुमची ती नेहमीची चूक करून ठेवलीत, आणि आता भांडायला समोर नाही आहात! शेजारच्या बौदींना, म्हणजे वहिनींना, सांगितलं तर त्या डोळे पुसायला लागतात. नेहाला बंगळूरुला फोन केला तर म्हणते, "आई, बाबा गेले ना आता, तू अजून त्यांचा राग काय करतेस?" का नाही करायचा? गेलेल्या माणसाच्या चुका त्याच्याबरोबर जातात की काय? त्या इथेच राहतात, डायनिंग टेबलावर, स्टीलच्या पेल्याखाली दाबून ठेवलेल्या.

तुम्ही रिटायर झालात तेव्हा मला वाटलं होतं, चला, खिदिरपूरची गोदी सुटली, आता हा माणूस जरा घरात टेकेल. कसला टेकतोय! डमडमच्या बाजारात कोथिंबीर विकणारी पोरगी दिसली की भाव विचारायच्या आधी विचारायचात, "पोडा केनो छाडली?" शिक्षण का सोडलंस? बंगाली तुमचं हे असं, मोडकंतोडकं आणि मोठ्या आवाजातलं. पोरगी बावरून आईकडे बघायची, आई तुमच्याकडे बघायची, आणि मी पिशवी धरून लांब उभी राहायची, जणू आपली ओळखच नाही. घरी आल्यावर कळायचं की कोथिंबीर राहिली. पोरगी मात्र रविवारी यायची!

कशा यायच्या त्या! कुणी दहावीनंतर सोडलेली, कुणी अकरावीच्या मधेच. कुणी मॉलमध्ये कपड्यांच्या घड्या घालणारी, कुणी लग्न होऊन कडेवर पोर घेतलेली. रविवारी सकाळी नऊला दाराबाहेर चपलांचा ढीग. मी किलोभर पोहे भिजवायची. त्यावर त्या साखर भुरभुरवायच्या आणि मी देवाचं नाव घेऊन तिकडे बघायचं टाळायची. त्या तुम्हाला 'काकू' म्हणायच्या, बंगालीत काकाला म्हणतात तसं, आणि मला दर वेळी हसू यायचं. गणित तुम्ही शिकवायचात आणि पाढे मराठीत म्हणून घ्यायचात! मी म्हटलं, "अहो, ह्या मुली बंगाली आहेत." तर म्हणालात, "पाढ्याला ठेका लागतो, तो आपल्यात आहे."

हे सगळं मी सहन केलं म्हणणार नाही. मी कुरकुर केली, भांडी आपटली, एकदा तर रविवारी मुद्दाम उपास धरला. पण एक काम मी कधी चुकवलं नाही, आणि त्याबद्दल तुमच्या तोंडून कधी एक शब्द आला नाही. फॉर्म तपासायचं.

तुम्हाला वाटायचं, मुक्त विद्यालयाचे फॉर्म तुम्ही भरता. तुम्ही भरायचात आणि मी दुरुस्त करायची. आपल्याकडे माणसाचं नाव म्हणजे आधी स्वतःचं, मग बापाचं, मग आडनाव. तुम्ही जन्मभर सरकारी कागदावर तसंच लिहीत आलात. पण बंगाल्यांच्यात मधे बाप नसतो हो! नाव आणि आडनाव, संपलं. पस्तीस वर्षं या शहरात काढली, तरी फॉर्म हातात आला की तुमचं पेन आपोआप विचारणार, "बाबार नाम?" आणि ते मधे ठोकून देणार. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, फॉर्मवर दुसरं. असा फॉर्म कोण घेईल? मग तुम्ही झोपलात की दुपारी मी चष्मा लावून बसायची आणि नवा कोरा फॉर्म घेऊन सगळं पुन्हा उतरवायची. तुमच्या अक्षरासारखं अक्षर काढून! तुम्हाला कळू नये म्हणून. किती मुलींचे बाप मी असे मधून काढले, मोजले नाहीत.

हा एकच फॉर्म माझ्या नजरेखालून गेला नाही.

इस्पितळातली ती दुपार आठवते? हाताला सलाईन, आणि तुम्ही जेवणाच्या ट्रेवर टुम्पाचा फॉर्म भरताय. ती कॉटशेजारी उभी, कागद धरून. मी म्हटलं, "आता तरी पुरे करा." तुम्ही म्हणालात, "एकच राहिलाय." मला इतका राग आला! म्हटलं, "काय करायचं ते करा," आणि खाली चहाला निघून गेले. वर आले तोवर टुम्पा फॉर्म घेऊन गेली होती. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात. त्या चहाच्या दहा मिनिटांबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही, आणि तुम्हालाही नाही.

टुम्पाने तो फॉर्म इतके दिवस तसाच ठेवला होता. तुमच्या हातचा म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत, देवाच्या फोटोमागे. नोंदणी सुरू झाल्यावर गेल्या आठवड्यात अभ्यास केंद्रात घेऊन गेली. तिथल्या बाईंनी रांगेतल्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं, "टुम्पा बिकाश मंडल? हे कसलं नाव?"

टुम्पाचा बाप कोण, काय, हे तुम्हाला माहीत होतं ना हो? ती अकरावीत असताना तो माणूस काम शोधतो म्हणून सुरतेला गेला आणि तिथे दुसरं घर मांडून बसला. आई नर्सिंग होममध्ये आयाचं काम करायला लागली, धाकट्या बहिणीला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून हिची शाळा सुटली. ज्या माणसामुळे सुटली, त्याचंच नाव तुम्ही तिच्या नावात घातलंत! विसरलात? की पेन विसरलं?

आज सकाळी ती आली. बसली नाही. फॉर्म टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "काकीमा, आमाके दिये होबे ना." माझ्याच्याने नाही व्हायचं. मी म्हटलं, "अगं, नवा फॉर्म आहे, पाच मिनिटांचं काम." तर म्हणते, "काकूंनीसुद्धा शेवटी मला त्याचीच करून टाकलं. जाऊ दे. नकोच." आणि गेली. पोह्यांचं पातेलं झाकून ठेवलं होतं, तिकडे बघितलंही नाही.

शुक्रवारी शेवटची तारीख आहे. ही संधी गेली तर वर्ष गेलं. वीस वर्षांची मुलगी एक वर्ष आणखी थांबत नाही, तुम्हीच सांगायचात; तोवर तिचं लग्न तरी ठरतं नाहीतर उमेद तरी जाते. आता तुम्ही वर निवांत, आणि मी सासष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, तिच्या मागे फिरायचं. उद्या बागबाजारला जाते. ती तिथे ब्लाउज शिवणाऱ्या एका बाईंकडे कामाला असते. तिने ऐकलं नाही तर मी तुमचा तो मुलींच्या हजेरीच्या रजिस्टरांचा गठ्ठा रद्दीत घालणार आहे, सांगून ठेवते.

~

शुक्रवार, संध्याकाळ.

अहो, काल गेले. मेट्रोने श्यामबाजारला उतरले आणि पुढे रिक्षा केली. रिक्षावाल्याने कुठल्या मुलखाच्या म्हणून विचारलं. महाराष्ट्र म्हटल्यावर हसून म्हणाला, "बर्गी!" जुन्या मराठा स्वाऱ्यांतल्या घोडेस्वारांना इकडे अजून तसंच म्हणतात. "तुम्हाला अडवायला तर इथे खंदक खणला होता." मी म्हटलं, "बाबा रे, आता खंदक नाही, खड्डे आहेत, ते बघून चालव."

दुकान म्हणजे तळमजल्याची एक खोली. दोन मशीन, भिंतीला टांगलेले ब्लाउज, आणि कोपऱ्यात चटईवर टुम्पा हुक लावत बसलेली. मी दारात उभी राहिले, तिने बघितलं नव्हतं. हुक दोन-दोन करून वाटीत टाकत होती आणि तोंडाने चालू होतं, "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा." बागबाजारात, बंगाली मुलगी, मराठी पाढा! मला तिथे रडू आलं, आणि लगेच तुमचा राग आला, कारण रडताना ती मला बघेल आणि सगळा धाक जाईल.

"टुम्पा, ऊठ. सही कर." मी फॉर्म पुढे धरला. कोरा आणला होता. नाव 'टुम्पा मंडल' एवढंच. पालक म्हणून आईचं नाव.

तिने मान हलवली. "काकीमा, तुम्ही उगाच आलात इतक्या लांब."

"उगाच का? परीक्षा तुझी आहे."

"परीक्षा देऊन काय होणार? हुकच लावायचे ना?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही कितवी शिकलात?"

दुकानातल्या बाईंनी मशीन थांबवलं.

"सांगा ना. काकू सगळ्यांना विचारायचे. बाजारात, बसमध्ये, औषधांच्या दुकानात. तुम्हाला नाही विचारलं कधी?"

अहो, या प्रश्नाचं उत्तर देऊन गेला असतात तर किती बरं झालं असतं! मी त्या चटईवर बसले, गुडघ्याने आरडाओरडा केला तरी बसले, आणि तिला सगळं सांगितलं. मी मिरजेची. बारावीचे सहा महिने झाले होते. वर्गात माझा दुसरा नंबर, पहिला एका डॉक्टरांच्या मुलाचा. मग तुमचं स्थळ आलं, केंद्र सरकारची नोकरी, आणि मार्गशीर्षात लग्न. लग्नात तुम्ही ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलंत. मालती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही हसले असेन. माझा दाखला, गुणपत्रिका, सगळं कुमुदच्या नावाने. कुमुद दत्तात्रय. त्या दिवसापासून कागदोपत्री ती कुणीच नव्हती.

आधी तुमची नेमणूक दिल्लीला असताना मी तुम्हाला विचारलं होतं. जवळच एका शाळेत बायकांचे दुपारचे वर्ग होते. तुम्ही पेपर वाचत होतात. म्हणालात, "नावाचं लफडं होईल. बघू." इथे आल्यावर, नेहा शाळेत जायला लागल्यावर पुन्हा विचारलं. पुन्हा "बघू". आणि मग रिटायर झाल्यावर एका मुलीच्या नावात एक चूक होती म्हणून तुम्ही उन्हातान्हात तीनदा कोर्टात गेलात! तीनदा! मी छत्री दिली, पाण्याची बाटली दिली, आणि दार लावून घेतल्यावर स्वयंपाकघरात उभी राहिले. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो मी होते. तुम्ही वाईट नव्हतात हो. वाईट असतात तर बरं झालं असतं, भांडून तरी मोकळी झाले असते.

टुम्पा ऐकत होती, हातात हुक तसाच. म्हणाली, "तुमचं नावच काढून घेतलं? आणि तुम्ही दिलंत?"

मी म्हटलं, "तेव्हा सगळ्याजणी देतच होत्या."

"मग काकीमा, दोन फॉर्म आणा. तुम्ही भरलात तर मी भरते."

बघा, कशी तयार केलीत पोरगी! धाकदपटशा करायला मी गेले आणि तीच मला अडवून बसली. दुकानातल्या बाई हसायला लागल्या. मला आधी राग आला, मग हसू आलं, मग परत राग. मी म्हटलं, "नाही. मी नाही भरणार." तिने तोंड फिरवलं आणि परत वाटीत हुक टाकायला लागली.

तिथे बसल्या बसल्या मला एक गोष्ट कळली. तुम्हाला सांगायची लाज वाटते, पण सांगते. तुम्ही रिटायर झाल्यावर फॉर्म तर आपल्याच टेबलावर असायचे. गठ्ठ्याने. मी दर वर्षी त्यातले कोरे काढून दुसऱ्यांचे भरत होते. एक माझा भरायला मला कुणी अडवलं होतं? तुम्ही नाही. मी वाट बघत होते की तुम्ही विचाराल. "मालती, तू का सोडलंस?" एवढंच. तुम्ही विचारत नव्हतात, म्हणून मी भरत नव्हते. तुम्हाला शिक्षा करत होते, आणि तुम्हाला त्याचा पत्ताच नव्हता! तुम्ही आपले मजेत पोहे खात होतात.

तेच मी तिला सांगितलं. म्हटलं, "टुम्पा, मी एका माणसावर रुसून बसले आणि वर्षं गेली. त्याला कळलंही नाही. तुझ्या बापाला सुरतेत कळणार आहे का, तू सही केली नाहीस ते? तू कुणाला शिक्षा करतेस?"

तिने हुकांची वाटी बाजूला सारली. मग ओढणीला हात पुसले, फॉर्म घेतला, नाव दोनदा वाचलं, बोटाने मधली मोकळी जागा चाचपली, आणि सही केली. दुकानातल्या बाईंनी आज सकाळची सुट्टी दिली, आणि आम्ही दोघी केंद्रात जाऊन फॉर्म देऊन आलो. तिथल्या त्याच बाईंनी बघितलं, शिक्का मारला, पोच दिली. एक शब्द बोलल्या नाहीत. एवढ्यासाठी एवढा खटाटोप!

येताना डमडम स्टेशनबाहेर ती थांबली. म्हणाली, "रविवारी येऊ?" मी म्हटलं, "नऊला. उशीर चालणार नाही." दोन पावलं गेली आणि वळून ओरडली, भर रस्त्यात, "आशी, कुमुद काकीमा!" येते म्हणून. आजूबाजूच्या लोकांनी बघितलं. मी तिथेच उभी राहिले हो. या नावाने मला शेवटची हाक मारली ती माझ्या आईने, आणि तिला जाऊन किती वर्षं झाली!

तुमच्यावरचा राग गेला असं समजू नका. तो आहे, पण आता तो घेऊन बसायला वेळ नाही. रविवारी टुम्पा येतेय, तिच्याबरोबर धाकटी बहीण येईल म्हणते, आणि कोथिंबीरवालीची मुलगी परत एकदा शाळा सोडून बसलीय असं बाजारात कळलं. गणित मला येतं. दुसरा नंबर होता माझा, सांगितलं ना.

तर शब्द देते. हे टेबल मी बंद करणार नाही. रजिस्टरं रद्दीत घालणार नाही. फॉर्म मीच भरीन, मीच तपासीन, आणि कुणाच्या नावात कुणाचा बाप नाही की नवरा नाही, तिने स्वतः सांगितल्याशिवाय. आणि प्रत्येकीला विचारीन, का सोडलंस. आधी घरातलीला, मग बाजारातलीला. तुमचा क्रम चुकला होता.

एक कोरा फॉर्म उरलाय. तुमच्या स्टीलच्या पेल्याखाली ठेवलाय. टुम्पा रविवारी त्याचं विचारणारच. तुम्हीही वरून विचारत असाल, उशिरा का होईना. तर माझं उत्तर ऐका.

बघू.

तुमची,
कुमुद